वैमानिक व्हायला अमेरिकेला जाताय? एम-१ की एफ-१, हे ठरवण्याआधी

बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं, वैमानिक व्हायचं नक्की केलं, अमेरिकेतल्या दोन-तीन शाळांशी बोलणं सुरू झालं, की घरात पहिला प्रश्न येतो: "एम-१ बरा की एफ-१?" या प्रश्नाने सुरुवात केली की पुढचा सगळा क्रम उलटा होतो. व्हिसाचा प्रकार तुम्ही निवडत नाही. शाळा तुम्हाला आय-२० नावाचा कागद देते आणि एम-१ की एफ-१ हे त्यावर छापलेलं असतं. म्हणजे शाळा ठरली की व्हिसा ठरला. शाळा मात्र एका वेगळ्या प्रश्नावरून ठरवायची असते: परवाना हातात आल्यावर विमान कुठे उडवायचंय?

पुढचं सगळं भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत जाऊन सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी आहे. नियम अमेरिकन आहेत, पण पोटात भारतीय गरज आहे, कारण बहुतेकांना शेवटी डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना हवा असतो.

आधी शेवट ठरवा

दोन वाटा आहेत. पहिली सरळ आहे. अमेरिकेत उड्डाणाचे तास भरायचे, एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचा, परवाना घ्यायचा, भारतात परतायचं, त्याचं डीजीसीए परवान्यात रूपांतर करायचं आणि इथल्या विमान कंपन्यांकडे अर्ज करायचा. दुसऱ्या वाटेवर परवान्यासोबत पदवी घ्यायची किंवा तिथे काही महिने इन्स्ट्रक्टर म्हणून पगारी काम करून तास वाढवायचे असतात.

तिसरी वाट एजंटच्या बोलण्यात असते: तिथे शिका, तिथल्याच एअरलाइनमध्ये लागा. अमेरिकेत प्रवासी एअरलाइनचा वैमानिक व्हायला साधारणपणे १,५०० तासांचा एटीपी परवाना लागतो. मान्यताप्राप्त विमानविद्येची पदवी असेल तर काही अटींवर १,००० तास चालतात. तास भरले तरी तिथे कायम काम करण्याचा कायदेशीर हक्क वेगळा मिळवावा लागतो आणि विद्यार्थी व्हिसा तो देत नाही. ज्या माहितीपत्रकात एअरलाइनचा युनिफॉर्म घातलेला फोटो आहे आणि वर्क परमिटबद्दल एक ओळही नाही, ते बाजूला ठेवा.

पहिल्या वाटेवर जाणाऱ्याला एम-१ पुरतो. माझं मत विचाराल तर बहुतेकांना तो पुरतो. पण त्याच्या मर्यादा नीट कळल्या नाहीत तर तोच गळ्यात येतो.

एम-१ काय देतो आणि काय देत नाही

एम-१ हा व्यावसायिक कौशल्याच्या अभ्यासक्रमांसाठीचा व्हिसा आहे. स्वतंत्र फ्लाइंग स्कूल बहुतेक वेळा याचाच आय-२० देतात. त्याचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे मुदत. अभ्यासक्रमाला लागणारा काळ आणि वर ३० दिवस, असं मिळून एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. त्याहून लांबलं तर यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याकडे, आय-५३९ हा अर्ज करून मुदतवाढ मागायची. कारण वैद्यकीय किंवा शैक्षणिक आणि पटण्यासारखं हवं. सगळ्या मुदतवाढी धरून मूळ सुरुवातीच्या तारखेपासून तीन वर्षांपलीकडे जाता येत नाही. हा अर्ज आय-२० वरच्या शेवटच्या तारखेच्या ६० दिवस आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत करायचा असतो. कॅलेंडरवर ही खिडकी आधीच लिहून ठेवा, कारण त्या सुमारास तुम्ही चेकराइडच्या, म्हणजे परवान्याच्या उड्डाण परीक्षेच्या, गडबडीत असता आणि कागदांकडे कुणाचं लक्ष नसतं.

दुसरी मर्यादा शाळा बदलण्याची. अमेरिकेत दाखल झाल्यापासून सहा महिने उलटले की एम-१ विद्यार्थ्याला शाळा बदलता येत नाही. अपवाद फक्त तुमच्या हाताबाहेरच्या परिस्थितीचा, उदाहरणार्थ शाळाच बंद पडली तर. सहा महिन्यांच्या आत बदलायची असली तरी परवानगी यूएससीआयएसकडून घ्यावी लागते. शाळेत विमानं कमी आहेत, इन्स्ट्रक्टर टिकत नाहीत, ही गोष्ट नेमकी चौथ्या-पाचव्या महिन्यात कळते. म्हणून शाळेची चौकशी जाण्याआधी करायची, आणि सगळे पैसे एकरकमी भरायला सांगणारी शाळा दोनदा पारखायची. शिकण्याचा विषय तर अजिबातच बदलता येत नाही.

तिसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे: तिथे राहून एम-१ चा एफ-१ करता येत नाही. "आत्ता एम-१ वर जा, मग तिथेच बदलून घेऊ" असा सल्ला कुणी दिला तर तो माणूस नियम न वाचता बोलतोय असं समजा. एफ-१ हवाच असेल तर परत यायचं आणि नव्याने अर्ज करायचा.

कामाचं काय? शिकत असताना काहीही नाही, कॅम्पसवरच्या कँटीनमध्येसुद्धा नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मात्र प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळू शकतं. शिक्षणाच्या दर चार महिन्यांमागे एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने. त्यासाठी डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या शाळेतल्या अधिकाऱ्याची, शिफारस लागते. तसं काम तुमच्या देशात उपलब्ध नाही, हेही त्यात नमूद करावं लागतं. दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे जेमतेम दोन महिने होतात. एवढ्यात इन्स्ट्रक्टर म्हणून किती तास उडवून होतील, ते तुम्हीच बघा.

आणि पैसे. एम-१ साठी संपूर्ण अभ्यासक्रमाची फी आणि राहण्याचा खर्च आधीच हाताशी आहे, हे दाखवावं लागतं. एफ-१ मध्ये पहिल्या वर्षाचे पैसे तयार आणि पुढच्यांची खात्रीलायक सोय, एवढं चालतं. कर्ज काढणाऱ्यांनी मंजुरीपत्रातली रक्कम पूर्ण खर्चाला पुरते की नाही, ते याच नजरेने बघावं.

एफ-१ कोणाला परवडतो

एफ-१ शैक्षणिक अभ्यासक्रमांचा व्हिसा. विमानविद्येची पदवी देणारी विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजं तो देतात. काही मोजक्या फ्लाइंग स्कूलना दोन्ही प्रकारचे आय-२० द्यायची मान्यता असते.

एफ-१ ची मुदत आजवर तारखेने बांधलेली नसते. विमानतळावर नोंद होते ती "अभ्यासक्रम चालू असेपर्यंत" अशी. (ही पद्धत बदलून ठरावीक वर्षांची मुदत आणण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला. अर्ज कराल त्या आठवड्यात त्याची स्थिती पाहा.) वेळ जास्त लागला तर मुदत डीएसओच वाढवतो. कोर्स संपल्यावर निघायला ६० दिवस मिळतात, एम-१ ला ३०. शाळा बदलणं सोपं. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. खरं आकर्षण ओपीटीचं: किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकल्यावर, अभ्यासाशी निगडित क्षेत्रात १२ महिने काम. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग काढून या १२ महिन्यांत पगार घेत तास वाढवणारे पुष्कळ आहेत.

याची किंमत वेळ आणि पैसा या दोन्हींत मोजावी लागते. पदवी घ्यायची तर इंग्रजी निबंधलेखन, इतिहास, समाजशास्त्र असलेही विषय येतात आणि त्यांचीही फी भरायची असते. आधीच भारतात पदवी झाली असेल तर फक्त ओपीटीसाठी हा रस्ता धरणं मला तरी महाग वाटतं. बारावीनंतर लगेच जात असाल, घरची ऐपत असेल आणि वैद्यकीय कारणाने उडणं थांबलं तर हाती पदवी हवी असं वाटत असेल, तर गोष्ट वेगळी.

एक बारीक गोष्ट. ओपीटीची दोन वर्षांची वाढ फक्त सरकारच्या यादीतल्या विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना मिळते. आय-२० वर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड असतो. "व्यावसायिक वैमानिक" या कोडखाली येणारे अभ्यासक्रम त्या यादीत नाहीत, विमानशास्त्राच्या काही पदव्या आहेत. शाळेने "तीन वर्षं काम करता येईल" म्हटलं तर कोड विचारा आणि यादी स्वतः उघडून बघा.

पर्यटक व्हिसाचा विषय इथेच मिटवू. तिथे मामा राहतात, बी-१/बी-२ आधीच आहे, मग त्यावरच पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, करून येऊ का? नाही. परवान्यासाठीचा अभ्यासक्रम पर्यटक म्हणून करायचा नसतो. तिथे जाऊन प्रकार बदलायचा अर्ज केला तरी तो मंजूर होईपर्यंत शिकायला सुरुवात करता येत नाही. या कडकपणामागे इतिहास आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातले मोहम्मद अत्ता आणि मारवान अल-शेही पर्यटक व्हिसावर आले होते आणि विद्यार्थी दर्जाची परवानगी यायच्या आधीच फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी विमान चालवायला शिकून मोकळे झाले होते. ती परवानगी मंजूर झाल्याची पत्रं त्यांच्या शाळेत पोचली मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने झाल्यावर. त्या नामुष्कीनंतर २००३ पासून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची नोंद सेव्हिस नावाच्या संगणकीय यंत्रणेत सक्तीची झाली आणि उड्डाण शिकणाऱ्या परदेशी माणसांची वेगळी सुरक्षा तपासणी सुरू झाली. या वाटेवरच्या निम्म्या कागदांचं मूळ त्या एका वर्षात आहे.

तासांचा हिशेब, ज्यावर सगळं अडतं

डीजीसीएला सीपीएलसाठी एकूण २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले), त्यात २० तास क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचे), एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं, १० तास इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडवलेले), ५ तास रात्रीचे आणि रात्रीची दहा टेकऑफ-लँडिंग.

अमेरिकेत परवान्याच्या दोन पद्धती आहेत. पार्ट ६१ मध्ये सीपीएलला २५० तास. पार्ट १४१ म्हणजे मंजूर, आखीव अभ्यासक्रम, त्यात किमान १९० तास: पीपीएलचे ३५, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे ३५, सीपीएलचे १२०. परदेशी विद्यार्थ्यांना आय-२० देण्यासाठी फ्लाइंग स्कूलला एफएएची पार्ट १४१ किंवा १४२ ची मान्यता लागते. त्यामुळे तुमची गाठ बहुधा १४१ शीच पडणार.

आता १९० आणि २०० यांतला फरक बघा. शाळेच्या लेखी तुमचा अभ्यासक्रम १९० तासांवर संपला. डीजीसीएच्या लेखी तुम्ही दहा तासांनी कमी. वर १४१ च्या आखणीत इन्स्ट्रक्टरसोबतचे तास भरपूर असतात, त्यामुळे एकूण २०० झाले तरी स्वतःच्या कमांडचे १०० भरतीलच असं नाही. हे उरलेले तास कोर्स संपल्यावर उडवू असं म्हणाल, तर एम-१ वर कोर्सनंतरचे ३० दिवस सामान बांधून निघण्यासाठी असतात, प्रशिक्षणासाठी नाहीत. भारतात येऊन ते तास भरायचे तर इथे तासाचा दर आणि प्रतीक्षा यादी दोन्ही तुमची वाट बघत असतात.

म्हणून आय-२० निघण्याच्या आधी, नंतर नाही, शाळेला लिहा: माझ्या अभ्यासक्रमात डीजीसीएचे हे सगळे आकडे बसवा आणि त्यानुसार शेवटची तारीख टाका. भारतीय विद्यार्थ्यांची सवय असलेल्या शाळांकडे असा आराखडा तयार असतो. "आधी या तर खरं, मग बघू" असं उत्तर आलं तर पुढची शाळा बघा.

तारीख ठरवताना हवेचा हिशेब विसरू नका. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस रोजचाच आणि उशिरा उन्हाळ्यात चक्रीवादळं. ॲरिझोनात आकाश वर्षभर मोकळं, पण उन्हाळ्यात दुपारच्या उष्णतेने छोटी विमानं जमिनीवरच बसतात, म्हणून उड्डाणं पहाटे. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात ढगांत बर्फ धरण्याची भीती असते आणि शिकाऊ विमानांना ती झेपत नाही. यावर विमानाची देखभाल आणि परीक्षकांच्या तारखा. चेकराइडसाठी परीक्षक मिळायला आठवडेच्या आठवडे लागतात, ही तिथल्या विद्यार्थ्यांची नेहमीची रड आहे. शाळेने "आठ महिन्यांत होतं" म्हटलं तर शेवटच्या दहा विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती लागले ते विचारा, आणि त्यांतल्या दोघांशी स्वतः बोला.

पूर्णवेळ असण्याची अटही आहे. एम-१ वर आठवड्याला, प्रात्यक्षिकाचा भाग मोठा असेल तर २२ घड्याळी तास, वर्गातला भाग मोठा असेल तर १८. हवा खराब म्हणून उड्डाण रद्द झालं तरी शाळेने ग्राउंड किंवा सिम्युलेटरचं काम देऊन हे तास भरायला हवेत. ऑनलाइन ग्राउंड स्कूल यात धरलं जात नाही.

भारतात आधी उरकायची कामं

वैद्यकीय तपासणी सगळ्यांत आधी. डीजीसीएची क्लास-२ आणि मग क्लास-१. डोळे, कान, हृदय यांत काही निघालं तर ते इथेच आणि थोडक्या खर्चात कळू द्या. अमेरिकेत एफएएची वेगळी तपासणी होतेच, पण एफएएने पास केलं म्हणून डीजीसीए पास करेल असं अजिबात नाही.

मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, आणि लेखी परीक्षा: एअर नेव्हिगेशन, मीटिओरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. जाण्याआधी यातले बहुतेक पेपर काढून टाकलेले बरे. उड्डाणांच्या वेळापत्रकात भारतीय रेग्युलेशन्स वाचायला कुणाला सुचत नाही. दुसरा फायदा मुलाखतीत होतो, तो पुढे येईल.

आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलण्याचा परवाना, आल्यावर केला तरी चालतो.

कागदांचा क्रम

शाळा परदेशी विद्यार्थी घेऊ शकते का, हे अमेरिकन सरकारच्या 'स्टडी इन द स्टेट्स' या संकेतस्थळावरच्या शाळा-शोधात पाहा. तिथे शाळेच्या नावापुढे एफ आणि एम यांपैकी कोणती मान्यता आहे, ते दिसतं. शाळेचं नाव नीट जुळवा. मोठ्या शाळांच्या शाखा असतात आणि मान्यता शाखेगणिक असते.

प्रवेश मिळाला की आय-२० येतो. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, आडनाव शेवटी, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा, यातून गोंधळ होतात आणि तो गोंधळ पुढे सेव्हिस, व्हिसा, एफएए परवाना असा उतरत जातो. शेवटी डीजीसीए विचारते की हे दोघं एकच कशावरून. क्लास एम-१ की एफ-१, सुरुवात आणि शेवट या तारखा, एकूण खर्च, हे सगळं तपासून मगच सही करा.

मग सेव्हिसची फी, आय-९०१, ३५० डॉलर. आय-२० वर 'एन'ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो इथे लागतो. पावती जपून ठेवा. त्यानंतर डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज आणि १८५ डॉलर व्हिसा शुल्क. अर्जात निवडलेला प्रकार आय-२० शी जुळलाच पाहिजे. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद आहे, पैसे भरताना ते मागितलं जातंय का बघा.

जून २०२५ पासून एफ आणि एम व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेली खाती लिहायची असतात. विसरलेलं जुनं खातंही आठवून लिहा.

मुलाखतीसाठी दोन भेटी: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग वकिलातीत प्रत्यक्ष मुलाखत. तारखा लवकर मिळत नाहीत, उन्हाळ्यात तर फारच नाही. कोर्स सुरू होण्याच्या एक वर्ष आधीपर्यंत व्हिसा मिळू शकतो, म्हणून आय-२० आला की थांबू नका. व्हिसा मिळाला तरी देशात प्रवेश मात्र सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच.

टीएसए, जिथे बेसावध राहू नये

व्हिसा म्हणजे उडायची परवानगी, असा समज असतो. तशी नाही. परदेशी विद्यार्थ्याला टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची, मंजुरी वेगळी लागते, आणि ती येईपर्यंत शाळा तुम्हाला विमानात शिकवू शकत नाही. अर्ज टीएसएच्या एफटीएसपी पोर्टलवर ऑनलाइन होतो: पासपोर्ट, व्हिसा, गेल्या काही वर्षांचे सगळे पत्ते, शाळेची आणि अभ्यासक्रमाची माहिती, शुल्क, बोटांचे ठसे. शाळा तिच्या बाजूने दुजोरा देते.

पूर्वी पीपीएल, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिन अशा प्रत्येक टप्प्याला नवा अर्ज आणि नवं शुल्क लागायचं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ती तपासणी पाच वर्षांपर्यंत ग्राह्य धरली जाते. टप्प्यांची माहिती मात्र शाळेने कळवायचीच असते. जुन्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ बघून तयारी करत असाल तर हा फरक लक्षात घ्या.

पत्ते भरताना वसतिगृह, मावशीचं घर, क्लाससाठी घेतलेली खोली, सगळं महिन्यांसकट लिहा. मधला काळ मोकळा राहिला की अर्ज परत येतो. ठसे कुठे आणि कधी द्यायचे हे शाळेकडून आधी विचारून घ्या, नाहीतर तिथे पोचून नुसतं बसावं लागतं आणि खोलीचं भाडं चालू राहतं.

आणखी एक नवी अट: २०२५ पासून, अमेरिकेबाहेरचा पत्ता देऊन एफएए परवाना घेणाऱ्याला अमेरिकेतला एक 'एजंट फॉर सर्व्हिस' नेमावा लागतो. एफएएची कायदेशीर पत्रं तो तुमच्या वतीने स्वीकारतो. ओळखीचा विश्वासू माणूस चालतो, शुल्क घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्याही आहेत.

मुलाखत

अधिकारी तुमच्याशी दोन-तीन मिनिटं बोलतो. कायदा त्याला असं धरून चालायला सांगतो की तुम्ही तिथेच राहायच्या बेतात आहात, आणि नाही हे तुम्ही पटवायचं. नकार आला तर त्याच्या कागदावर बहुधा २१४(बी) हे कलम असतं.

एम-१ च्या उमेदवाराकडे याचं चांगलं उत्तर असतं, फक्त ते देता यायला हवं. डीजीसीएची क्लास-१ तपासणी झाली, तीन पेपर सुटले, परतल्यावर उरलेला पेपर आणि रूपांतर, अशी साखळी सांगितली की हा मुलगा किंवा मुलगी परत येऊन इथे वैमानिक होणार, हे समोरच्याला दिसतं. "सर, माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे" हे वाक्य तो रोज ऐकतो. शाळा का निवडली, याचं उत्तर खरं द्या: विमानांची संख्या, हवा, डीजीसीएचा आराखडा, खर्च. एजंटने पाठ करून घेतलेली उत्तरं पहिल्याच आडव्या प्रश्नाला कोलमडतात. पैसे कोण देतंय याला एका वाक्यात उत्तर द्या. शेती विकली असेल तर तेच सांगा, कर्ज असेल तर कर्ज. कागद हातात ठेवा, मागितल्याशिवाय पुढे सरकवू नका.

एफ-१ वाल्याने ओपीटीचा विषय स्वतःहून काढू नये असं मला वाटतं. विचारलं तर नियम माहीत आहे एवढं सांगावं. खोटं मात्र कुठेच बोलू नका. डीएस-१६० वरची चुकीची माहिती पुढच्या प्रत्येक अर्जात समोर येते.

पोचल्यावर

विमानतळावर प्रवेश मिळाल्यावर आय-९४ ही नोंद ऑनलाइन उघडून बघा. पासपोर्टवरचा व्हिसा काही वर्षांचा दिसू शकतो, पण किती दिवस राहता येईल ते आय-९४ सांगतं. एम-१ ला तिथे एक नेमकी तारीख असते. व्हिसाची तारीख बघून निर्धास्त राहणारे याच जागी फसतात. नोंदीत चूक असेल तर लगेच डीएसओला दाखवा.

शाळेत हजेरी लावा, सेव्हिसमधली नोंद चालू झाल्याची खात्री करा. घर बदललं तर दहा दिवसांत डीएसओला कळवायचं. मधेच भारतात यायचं असेल तर आय-२० वर प्रवासाची सही लागते. एम-१ ची सही सहा महिने चालते, एफ-१ ची एक वर्ष.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून डीजीसीएच्या गरजेप्रमाणे लिहा. एफएए पद्धतीत पायलट-इन-कमांड आणि डुअल (इन्स्ट्रक्टरसोबतचे तास) हे दोन्ही रकाने काही वेळा एकाच उड्डाणाला भरता येतात. डीजीसीएकडे इन्स्ट्रक्टर शेजारी असताना घेतलेला तास कमांडचा धरून चालू नका. महिन्याच्या शेवटी बेरजा करा आणि १०० चा आकडा कुठे पोचलाय तो बघा. कमी पडत असेल तर डीएसओ आणि चीफ इन्स्ट्रक्टर दोघांशी लगेच बोला, कारण तास वाढले की कोर्सची तारीख सरकते, आणि तारीख सरकली की वर सांगितलेली १५ ते ६० दिवसांची खिडकी आलीच.

निघण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात शाळेकडून प्रमाणित लॉगबुक, प्रत्येक चाचणी उड्डाणाचा अहवाल, कोर्स पूर्ण केल्याची प्रमाणपत्रं आणि शाळेच्या एफएए मान्यतेची प्रत, सगळं सही-शिक्क्यासह घ्या. डीजीसीए एफएएकडून परवान्याची खातरजमा करून घेते, तेव्हा एकेका कागदासाठी बारा तासांच्या फरकाने ईमेल पाठवत बसावं लागू नये. कायमचा प्लास्टिकचा परवाना टपालाने यायला वेळ लागतो, तो भारतातल्या पत्त्यावर यायचा असेल तर पिनकोडसकट पत्ता एफएएच्या नोंदीत बरोबर आहे का, तेवढं विमानात बसायच्या आधी बघून घ्या.